बांध आणि हद्द : अकेडियाचं प्रकरण (१७१३–१७६३)

कॅनडाच्या पूर्व टोकाला मिसाग्वाश नावाची एक नदी आहे. नदी म्हणायची एवढंच, खरं तर तो खाजणातून वळणं घेत जाणारा ओहोळ. भरती आली की फुगतो, ओसरली की दोन्ही काठांचा तांबूस गाळ उघडा पडतो. १७५१ साली या ओहोळाच्या दोन बाजूंना, एकमेकांपासून जेमतेम तीन किलोमीटरवर, दोन किल्ले उभे होते. दक्षिणेला इंग्रजांचा फोर्ट लॉरेन्स आणि उत्तरेला फ्रेंचांचा बोसेझूर. युरोपात तेव्हा दोन्ही राजांमध्ये तह होता. तरीही दोन्हीकडचे पहारेकरी दिवसभर एकमेकांच्या बुरुजांवर नजर ठेवून असत.

कॅनडाच्या या टोकाला अकेडिया नावाची फ्रेंच वसाहत होती. तिचा इतिहास बहुतेक ठिकाणी १७५५ मध्ये इंग्रजांनी तिथल्या फ्रेंच शेतकऱ्यांना हद्दपार केलं तिथपासून सांगितला जातो आणि दोष एका गव्हर्नरवर टाकून संपवला जातो. तो गव्हर्नर निर्दोष नव्हता, पण मला प्रकरण तिथे सुरू होतं असं वाटत नाही. त्याचं मूळ बेचाळीस वर्षं मागे, एका तहाच्या कलमात आहे.

चतुःसीमा न लिहिलेला दस्त

आपल्याकडे दोन गुंठे जमीन विकली तरी खरेदीखतात चतुःसीमा लिहावी लागते. पूर्वेस अमुक, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट. १७१३ च्या उट्रेक्टच्या तहात फ्रान्सने इंग्लंडला एक अख्खा प्रदेश दिला, पण चतुःसीमा लिहिल्या नाहीत. बाराव्या कलमात एवढंच आहे की नोव्हा स्कॉशिया म्हणजेच अकेडिया हा प्रदेश ‘त्याच्या प्राचीन हद्दींसह’ ब्रिटिश राजसत्तेकडे जाईल.

प्राचीन हद्द कोणती, हे सांगू शकेल असा माणूस तेव्हा कुठेच नव्हता. १६०५ मध्ये फ्रेंचांनी पोर्ट रॉयल वसवलं, आणि तेव्हापासून हा मुलूख इंग्रज आणि फ्रेंच यांच्यात पुनःपुन्हा हात बदलत राहिला. १६५४ मध्ये इंग्रजांनी घेतला, ब्रेडाच्या तहाने परत गेला. १६९० मध्ये पुन्हा पडला, पुन्हा परत गेला. १७१० मध्ये फ्रान्सिस निकोल्सनने पोर्ट रॉयल जिंकलं आणि राणी अ‍ॅनच्या नावाने त्याचं अ‍ॅनापोलिस रॉयल केलं, ते मात्र कायमचं. प्रत्येक वेळी देणाराने आणि घेणाराने ‘अकेडिया’ या शब्दाचा अर्थ सोयीप्रमाणे कमीजास्त धरला होता. उट्रेक्टला बसलेल्या मुत्सद्द्यांपुढे स्पेनची गादी, जिब्राल्टर, हडसनचा उपसागर असे मोठे विषय होते. अकेडियाची हद्द मोघम ठेवल्याने सही लवकर झाली.

या मुलखात मिकमॉ लोक शेकडो पिढ्या राहत आले होते. त्यांना कोणी विचारलं नाही. फ्रेंचांनी जी जमीन दिली ती आमची होती, फ्रेंच राजाची नव्हती, ही त्यांची भूमिका पुढची पन्नास वर्षं कायम राहिली. १७४९ मध्ये इंग्रजांनी चेबुक्टो बंदरात हॅलिफॅक्स वसवायला घेतलं तेव्हा मिकमॉंनी ती इंग्रजांना लेखी कळवलीसुद्धा. गव्हर्नर एडवर्ड कॉर्नवॉलिसने त्याच वर्षी मिकमॉ माणसाच्या डोक्याच्या कातडीवर दहा गिनींचं इनाम लावलं. ज्यांची जमीन होती, त्यांच्या वाट्याला या सगळ्या तहांतून एवढंच आलं.

खाजणातली शेती

ज्या माणसांवर हे प्रकरण शेकलं, ती कशी जगत होती हे नीट पाहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

फंडीच्या उपसागराची भरती जगात सर्वांत उंच. काही ठिकाणी पाणी सोळा मीटरपर्यंत चढतं. सतराव्या शतकात पश्चिम फ्रान्समधून आलेल्या कुटुंबांनी इथलं जंगल फारसं तोडलंच नाही. ते खाडीच्या काठी, खाऱ्या कुरणांत उतरले, कुदळीने गवतासकट मातीच्या विटा कापल्या आणि बांध घातले. बांधाच्या पोटात पोकळ ओंडका आडवा ठेवायचा आणि त्याला बिजागरीवर झुलणारी लाकडी झडप लावायची. भरतीचं पाणी बाहेरून रेटलं की झडप आपोआप मिटते, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर जातं. याला ते ‘आबुआतो’ म्हणत. रायगडच्या खारपट्ट्यात ज्यांनी उघाडी पाहिली आहे किंवा गोव्याच्या खाजनात ज्यांनी मानस पाहिलं आहे, त्यांना या यंत्राची ओळख करून द्यायला नको. दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांचा पत्ता नव्हता, पण खाऱ्या पाण्याने दोघांना एकच धडा शिकवला होता.

बांध घातल्यावर दोन-तीन वर्षं पाऊस मीठ धुऊन काढतो, आणि मग ती जमीन खताशिवाय वर्षानुवर्षं गहू देते. ग्राँ-प्रे या गावाच्या नावाचा अर्थच मोठं कुरण. पण बांध एकट्याचा नसतो. एका ठिकाणी खांड पडली तर सगळ्यांच्या शेतात समुद्र शिरतो, मग उधाणाच्या रात्री सगळं गाव बांधावर असतं. अकेडियन समाजाची घट्ट वीण, नातेसंबंधांचं जाळं, आपल्या मुखत्यारांमार्फत एकमुखाने बोलण्याची सवय, हे सगळं मला या बांधांतून आलेलं दिसतं. आणि जमीन सोडून जायला ते का तयार नव्हते, याचंही उत्तर तिथेच आहे. तहानंतर फ्रान्सने त्यांना ईल रुआयाल बेटावर, म्हणजे आजच्या केप ब्रेटनवर, बोलावलं. थोडे गेले. बाकीच्यांना तिथे खडक दिसला, खाजण दिसलं नाही. इंग्रज अधिकाऱ्यांनाही ते जायला नको होते, कारण अ‍ॅनापोलिसच्या शिबंदीला धान्य आणि सरपण यांच्याकडूनच मिळत होतं.

राहिला प्रश्न शपथेचा. नव्या राजाशी निष्ठेची शपथ घ्या, असा तगादा इंग्रजांनी लावला. अकेडियनांनी एकच अट घातली: फ्रेंचांविरुद्ध किंवा मिकमॉंविरुद्ध आम्ही शस्त्र धरणार नाही. १७३० मध्ये गव्हर्नर रिचर्ड फिलिप्सने त्यांच्याकडून शपथ घेतली. लंडनला गेलेल्या कागदावर अट नव्हती. गावकऱ्यांना मात्र तोंडी वचन होतं, आणि पाद्री व नोटरी त्याला साक्षी होते. पुढची पंचवीस वर्षं इंग्रजी कागदपत्रांत त्यांचं नाव ‘तटस्थ फ्रेंच’ असंच येतं. म्हणजे तहात हद्द मोघम राहिली आणि शपथेत निष्ठा मोघम राहिली. शांतता होती तोवर दोन्ही मोघमपणांवर सगळ्यांचं नीट चाललं. लोकसंख्या दोन हजारांच्या आसपास होती, ती शतकाच्या मध्यापर्यंत दहा हजारांवर गेली.

मद्रास घ्या, लुईबूर द्या

ऑस्ट्रियाच्या वारसायुद्धाने ही शांतता संपवली. १७४४ मध्ये ईल रुआयालवरून आलेल्या फ्रेंचांनी अ‍ॅनापोलिसला वेढा घातला. अकेडियन उठाव करतील ही त्यांची अपेक्षा होती, पण बहुतेक शेतकरी घरीच राहिले. पुढच्या वर्षी न्यू इंग्लंडच्या, म्हणजे बॉस्टनच्या आसपासच्या इंग्रज वसाहतींच्या, स्वयंसेवकांनी विल्यम पेपरेलच्या हाताखाली, इंग्रजी आरमाराच्या मदतीने, लुईबूरचा बलाढ्य फ्रेंच किल्ला घेतला. १७४७ च्या फेब्रुवारीत कूलोन द व्हिलिएच्या तुकडीने हिमवादळात ग्राँ-प्रेवर छापा घालून तिथे उतरलेल्या न्यू इंग्लंडच्या सैन्याचा फडशा पाडला. तिथला कर्नल आर्थर नोबल त्यात मारला गेला. ग्राँ-प्रेचे गावकरी यात कुठे होते, यावर नंतर बराच संशय घेतला गेला.

१७४८ च्या एक्स-ला-शापेलच्या तहात लुईबूर फ्रेंचांना परत गेलं, आणि फ्रेंचांनी जिंकलेलं आपल्याकडचं मद्रास इंग्रजांना परत मिळालं. कोरोमंडलचा किनारा आणि अटलांटिकचा किनारा एकाच कागदावर आले. बॉस्टनमध्ये संताप झाला, कारण माणसं त्यांची गेली होती. त्यांना शांत करण्यासाठी आणि लुईबूरला शह देण्यासाठी लंडनने हॅलिफॅक्स उभारलं. त्या क्षणापासून अकेडियन शेतकरी इंग्रजी सत्तेची गरज राहिले नाहीत. तोवर ते धान्य पुरवणारी रयत होते, आता ते अडथळा ठरू लागले.

अकेडियाच्या हद्दीचा निवाडा तहानंतर एका आयोगाकडे सोपवला गेला. पॅरिसमध्ये १७५० पासून तो बसला. इंग्रजांकडून मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर विल्यम शर्ली आणि विल्यम माइल्डमे, फ्रेंचांकडून न्यू फ्रान्सचा माजी प्रमुख ला गालिसोनियेर आणि एत्येन द सिलुएत. इंग्रजांचं म्हणणं, अकेडिया सेंट लॉरेन्स नदीपर्यंत पसरलेला आहे. फ्रेंचांचं म्हणणं, अकेडिया म्हणजे द्वीपकल्पाच्या दक्षिण किनाऱ्याची पट्टी, बाकी काही नाही. इंग्रजांनी आपल्या बाजूने फ्रेंचांच्याच जुन्या सनदा आणि नकाशे काढले, ज्यांत फ्रेंचांनी स्वतःसाठी अकेडिया ऐसपैस मांडला होता. चार-पाच वर्षं निवेदनांना प्रतिनिवेदनं दिली गेली आणि त्यांचे जाडजूड खंड छापले गेले. निवाडा झाला नाही. मी त्या युक्तिवादांचा सारांश पहिल्यांदा वाचला तेव्हा मला त्यातली विद्वत्ता खरोखर मोठी वाटली होती. बांध घालणाऱ्या एकाही माणसाला तुमचं शेत कोणत्या बाजूला येतं असं विचारलेलं मात्र त्यात कुठे दिसलं नाही.

नदीच्या दोन बाजू

आयोग पॅरिसमध्ये बोलत होता तेव्हा जमिनीवर हद्द आखली जात होती. नोव्हा स्कॉशियाचं द्वीपकल्प मुख्य भूमीला शिग्नेक्टो नावाच्या चिंचोळ्या भूपट्टीने जोडलेलं आहे, रुंदी सुमारे चोवीस किलोमीटर. फ्रेंचांनी ठरवलं की मिसाग्वाशच्या पलीकडे इंग्रजांना येऊ द्यायचं नाही. ला कोर्न नावाचा अधिकारी सैनिक घेऊन तिथे बसला. त्याच्यासोबत होता झाँ-लुई ल लूत्र, मिकमॉंमध्ये काम करणारा धर्मगुरू, धाडसी, हट्टी आणि स्वतःच्या उद्देशाबद्दल निःशंक.

अडचण अशी की बोबासाँ हे मोठं आणि सुबत्तेचं अकेडियन गाव नदीच्या दक्षिणेला, इंग्रजांच्या बाजूला पडत होतं. १७५० च्या वसंतात मेजर चार्ल्स लॉरेन्स सुमारे चारशे सैनिकांसह किनाऱ्याला लागला. त्याच सुमाराला बोबासाँ पेटलं. ल लूत्र आणि त्याच्याबरोबरच्या मिकमॉंनी चर्चसकट गाव जाळलं, म्हणजे लोकांना नदी ओलांडून फ्रेंच बाजूला जाण्यावाचून गत्यंतर राहू नये. पिढ्यान्‌पिढ्या बांध राखणारी कुटुंबं हातात येईल ते घेऊन पलीकडे गेली. पलीकडे त्यांना जमीन नव्हती, सरकारी शिध्यावर दिवस काढायचे होते. अकेडियनांना घराबाहेर काढण्याचं काम पहिल्यांदा फ्रान्सच्या नावाने झालं, पाच वर्षांनी इंग्लंडच्या नावाने. हा क्रम मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि लोककथांत तो सहसा गाळला जातो.

सप्टेंबरात लॉरेन्स परतला आणि त्याने नदीच्या दक्षिणेला आपल्या नावाचा किल्ला बांधला. फ्रेंचांनी पुढच्या वर्षी समोरच्या टेकाडावर बोसेझूर उभारला. १७५० च्या ऑक्टोबरात एडवर्ड हाउ हा इंग्रज अधिकारी पांढऱ्या निशाणाखाली नदीकाठी बोलणी करायला गेला असता गोळी लागून मेला. कोणाच्या सांगण्यावरून, यावर आजही एकमत नाही. ल लूत्रने विस्थापितांसाठी जवळच्या ओलाक नदीवर मोठा बांध घालायला घेतला आणि त्यासाठी फ्रेंच दरबारातून पैसा आणला. उधाणाने तो फोडला.

१७५५ च्या जूनमध्ये कर्नल रॉबर्ट मंक्टन न्यू इंग्लंडचे सुमारे दोन हजार स्वयंसेवक आणि अडीचशेच्या आसपास खडे सैनिक घेऊन चालून आला. किल्ल्यातला एक फ्रेंच कारकून, तॉमा पिशों, बऱ्याच दिवसांपासून इंग्रजांना माहिती पुरवत होता. किल्लेदार वेर्गोरकडे दीडशेच्या आसपास सैनिक होते. त्याने नदी ओलांडून आलेल्या अकेडियनांना आत बोलावून बंदुका दिल्या. त्यांनी आधी एक मागणी केली: आम्ही शस्त्र धरलं नाही तर मरणाची शिक्षा होईल असा हुकूम आम्हाला द्या, म्हणजे उद्या इंग्रजांना दाखवता येईल. वेर्गोरने तो दिला. दोन सत्तांच्या मधोमध अडकलेल्या माणसाला किती पुढचा विचार करावा लागतो, ते या मागणीत दिसतं. तोफेचा एक गोळा तळघरात फुटून काही अधिकारी मेले आणि १६ जूनला किल्ला पडला. अकेडियनांनी मरणाच्या भयाने शस्त्रं घेतली, म्हणून त्यांना माफी, असं कलम शरणागतीच्या करारात लिहिलं गेलं.

हॅलिफॅक्सची बैठक

लॉरेन्स आता नोव्हा स्कॉशियाचा लेफ्टनंट गव्हर्नर होता. किल्ल्यात सापडलेले अकेडियन त्याला पुरावा म्हणून पुरेसे होते, माफीचं कलम नव्हे. त्याची भीती निराधार होती असंही मी म्हणणार नाही. लुईबूर शाबूत होतं, ओहायोकडे जनरल ब्रॅडॉकचा त्याच जुलैत दारुण पराभव झाला होता, आणि प्रांतातली बहुसंख्य वस्ती फ्रेंच बोलणारी कॅथलिक होती. पण भीती खरी असणं वेगळं आणि त्यावर निवडलेला उपाय वेगळा.

जुलैत मिनास भागातले, म्हणजे ग्राँ-प्रेच्या आसपासचे, मुखत्यार हॅलिफॅक्सला आले, जप्त झालेल्या होड्या आणि बंदुका परत मिळाव्यात म्हणून. लॉरेन्सच्या मंडळाने त्यांना तिथेच बिनशर्त शपथ घ्यायला सांगितलं. गावाला विचारल्याशिवाय आम्ही एकटे ठरवू शकत नाही, असं ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी, परिणाम कळल्यावर, शपथ घ्यायला ते तयार झाले. तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की एकदा नाकारल्यावर कायद्याने ती संधी गेली. त्यांना कैदेत टाकलं. महिन्याच्या शेवटी आलेल्या बाकीच्या मुखत्यारांनी बिनशर्त शपथ नाकारली आणि २८ जुलैला मंडळाने एकमताने निर्णय घेतला: सगळ्यांना हलवायचं, आणि ते पुन्हा एकत्र येऊ नयेत म्हणून वेगवेगळ्या वसाहतींत पांगवायचं. त्यासाठी लंडनचा हुकूम नव्हता. वकील आणि न्यायाधीश मंडळात बसलेले होते, मुख्य न्यायाधीश जोनाथन बेल्चरने तर लेखी मत दिलं.

५ सप्टेंबरला दुपारी तीन वाजता ग्राँ-प्रेच्या चर्चमध्ये पुरुषांना आणि दहा वर्षांवरच्या मुलांना बोलावलं. ४१८ जण आले. लेफ्टनंट कर्नल जॉन विन्स्लोने आदेश वाचला: तुमच्या जमिनी, घरं, गुरंढोरं राजाला जप्त, रोकड आणि घरातलं सामान तेवढं तुमचं, आणि तुम्हाला या प्रांतातून हलवलं जाईल. हे काम माझ्या स्वभावाला अत्यंत नावडतं आहे, असं त्याने त्यांना सांगितलं आणि आपल्या रोजनिशीतही लिहून ठेवलं. मग त्याने ते नेटाने पार पाडलं. गहू कापणीला आलेला होता. ऑक्टोबरात जहाजांवर भरणी सुरू झाली. कुटुंबं एकत्र ठेवू असं सांगितलं होतं, पण जहाजं कमी पडली आणि घाईत अनेक घरं फुटली. विन्स्लोच्याच नोंदीप्रमाणे मिनास भागात २५५ घरं, २७६ कोठारं आणि ११ गिरण्या जाळल्या गेल्या.

त्या वर्षी सहा हजारांवर माणसं मॅसॅच्युसेट्सपासून जॉर्जियापर्यंत वाटली गेली. व्हर्जिनियाने आपल्या वाट्याची हजारावर माणसं ठेवून घ्यायलाच नकार दिला. त्यांना इंग्लंडला पाठवलं आणि तिथे बंदरांतल्या गोदामांत देवीच्या साथीने कित्येक मेले. ‘पेम्ब्रोक’ या एका जहाजावर मात्र लोकांनी खलाशांना आवरलं आणि २३२ जण जहाज सेंट जॉन नदीच्या मुखाशी घेऊन आले. १७५८ मध्ये लुईबूर पडल्यावर ईल सँ-झाँ बेटावरच्या, म्हणजे आजच्या प्रिन्स एडवर्ड आयलंडवरच्या, सुमारे तीन हजारांना फ्रान्सला धाडलं. त्या डिसेंबरात ‘ड्यूक विल्यम’ आणि ‘व्हायोलेट’ ही दोन जहाजं शेकडो प्रवाशांसकट अटलांटिकमध्ये बुडाली. १७६३ पर्यंत दहा हजारांवर अकेडियन उखडले गेले होते.

खांड

रिकाम्या जमिनीसाठी लॉरेन्सने न्यू इंग्लंडमध्ये जाहिरात दिली. पण १७५९ च्या नोव्हेंबरात मोठं वादळ भरतीच्या वेळी आलं. चार वर्षं कोणी राखलं नव्हतं, बांध फुटले, आणि शंभर वर्षांत धुऊन निघालेलं मीठ एका रात्रीत शेतांवर परत पसरलं. १७६० पासून आलेल्या नव्या शेतकऱ्यांना डोंगरउताराची शेती येत होती, खाजणाची नाही. खांड कशी बुजवायची, झडप कशी बसवायची, त्यांना माहीत नव्हतं. तेव्हा फोर्ट एडवर्डमध्ये आणि इतरत्र कैदेत असलेल्या अकेडियनांना मजुरीवर बाहेर काढलं. आपल्याच बापजाद्यांनी घातलेले बांध त्यांनी दुसऱ्यांसाठी दुरुस्त केले आणि संध्याकाळी पहाऱ्यात परत गेले. १७६२ मध्ये त्यांतल्या शेकडो जणांना पुन्हा जहाजांत भरून बॉस्टनला पाठवलं. बॉस्टनने उतरू दिलं नाही आणि जहाजं परत आली. त्यांच्यावाचून बांध उभे राहत नाहीत, असं नव्या जमीनमालकांचं म्हणणं होतंच.

१७६३ च्या पॅरिसच्या तहाने फ्रान्सने इथल्या मुख्य भूमीवरचे आपले सगळे हक्क सोडले, आणि प्राचीन हद्द कोणती हा प्रश्न विचारणारंच कोणी उरलं नाही. पुढच्या वर्षी अकेडियनांना परत यायची मुभा मिळाली, शपथ घेण्याच्या आणि लहान गटांत विखरून राहण्याच्या अटीवर. काहींनी मात्र दक्षिणेची वाट धरली. जोसेफ ब्रुसार, ज्याला सगळे बोसोलेय म्हणत, १७६५ मध्ये सुमारे दोनशे जणांसह लुइझियानाला पोचला. तिथल्या केजन लोकांचं नाव ‘अकेडियन’ या शब्दाचंच झिजलेलं रूप आहे. जे परत आले त्यांना जुनी गावं मिळाली नाहीत. सेंट मेरीच्या उपसागरावरच्या खडकाळ किनाऱ्यावर त्यांना जागा दाखवली गेली. खाजणातली शेती करणाऱ्यांच्या मुलांनी तिथे होड्या बांधल्या आणि मासेमारी शिकली.

मिसाग्वाश अजून वाहते. १७८४ मध्ये न्यू ब्रन्सविक वेगळा प्रांत झाला तेव्हा सीमा म्हणून तीच नदी धरली गेली.